ताजी मासळी: भरतीपासून तव्यापर्यंत

वर्सोव्याच्या बंदरावर ताजे बोंबील कधी मिळतील, हे घड्याळाआधी कालनिर्णयवर कळतं. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही मासळी इथे मुख्यतः डोलीत येते. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, तोंडाशी रुंद आणि शेवटाला निमुळतं होत जाणारं जाळं. ते कोणी ओढत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आत लोटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असलं की पाण्याला जोर असतो आणि डोल भरते. अष्टमीच्या सुमारास भांग लागला, म्हणजे प्रवाह मंदावला, की मासळी कमी येते आणि भाव चढतो. बोंबलांचा बेत करायचा तर तिथी बघून करावा.

आपण राहतो कुठे, यावरही बरंच अवलंबून असतं. अंधेरीकरांना वर्सोवा जवळ, मालाडकरांना मढ आणि भाटी, बोरिवलीकरांना खाडीपलीकडचं गोराई आणि मनोरी. तिथल्या छोट्या होड्या साधारण त्याच दिवशी परत फिरतात. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारातली बरीच मासळी मात्र भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून येते, आणि त्यातली सुरमई, हलवा, मोठी कोळंबी अनेकदा ट्रॉलरवर काही दिवस बर्फात राहिलेली असते. नीट बर्फात ठेवलेली मासळी वाईट नसते. ती कालवणाला उत्तम. नुसतं मीठ-हळद लावून तळायला मात्र त्याच दिवशीची हवी.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत पाट्यांवर दिसणारे पापलेट हे बहुतेक शीतगृहातले किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेले, हे धरून चालावं. तेव्हा सुके बोंबील आणि सोडे काढावेत. नारळी पौर्णिमेनंतर ताज्याचा विचार करावा.

आता पाटीसमोर उभं राहिल्यावर काय बघायचं? डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत. आत गेलेले, दुधाळ झालेले डोळे म्हणजे मासा जुना. मग कल्ला उचलून बघा. कल्ला म्हणजे डोक्यामागचं झाकण, त्याखाली माशाचा श्वास घेणारा अवयव. तो लालभडक असावा, तपकिरी नको. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नये, शेवटी बोटाने पाठ दाबावीच. खड्डा लगेच भरून आला तर घ्या, बोटाचा ठसा राहिला तर पुढच्या पाटीकडे चला. पोट फुटलेली तारली किंवा बांगडा अजिबात घेऊ नये, कारण त्यांचं पोट सगळ्यात आधी बिघडतं.

बोंबलाला हे नियम पूर्ण लागू पडत नाहीत, तो मुळातच लिबलिबीत. त्याचा रंग बघावा: तोंडाशी गुलाबी झाक, अंग काचेसारखं अर्धपारदर्शक. पिवळट, मळकट बोंबील सोडून द्या.

नाक तर वापराच. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, ‘माशाचा’ नसतो. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. समुद्राचा खारटपणा सोसायला ते त्यांना उपयोगी पडतं आणि त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो बराचसा याचा. आंबट पदार्थ त्याला बांधून ठेवतात, हवेत उडू देत नाहीत. चिंच, कोकम, लिंबू आपल्या मासळीत असतात त्याचं चवीखेरीज हेही एक कारण. पण लिंबू पिळल्याने शिळा मासा ताजा होत नाही, फक्त कळेनासा होतो.

आकाराबद्दल एक गोष्ट सांगतो. तळहाताएवढेही नसलेले पापलेट वाट्याने स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झालं, आणि त्याच वर्षी राज्याने अनेक जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवून दिली. त्या पिल्लांत काट्याशिवाय विशेष काही नसतं. ती मोठी झाली असती तर अंडी घातली असती.

भाव ठरला की मासळीवाल्या मावशी विचारतात, ‘तळायला का कालवणाला?’ उत्तर नीट द्या, कारण कापणी त्यावर ठरते. तळायला बोटभर जाडीच्या सारख्या तुकड्या, कालवणाला जरा जाड आणि डोकं वेगळं. सुरमईचं किंवा रावसाचं डोकं सोडून येणारे लोक मला कधी कळले नाहीत. कालवणाची चव त्यातच असते. गाबोळी निघाली, म्हणजे अंड्यांची पिशवी, तर तीही मागून घ्या.

घरी नेताना मासळी थंड राहिली पाहिजे. स्टीलचा डबा आणि मावशींकडून मागितलेला मूठभर बर्फ एवढं पुरतं. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत यात कसूर नको. हे मासे उबेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं, म्हणजे अंगावर ॲलर्जीसारखे चट्टे उठवणारं द्रव्य. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेला बांगडा खाऊन चेहरा लाल झाला, खाज सुटली, तर दोष मसाल्याचा नसतो.

घरी आल्यावर पहिली चूक नळाखाली होते. मासा अख्खा असताना खवले, कल्ले, आतडी काढून स्वच्छ धुवावा. पाठीच्या काट्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याने खरवडून काढावी, कडवटपणा तिथूनच येतो. तुकड्या मात्र धुऊन झाल्यावर कराव्यात. बाजारातून कापून आणल्या असतील तर एकदाच झटकन पाण्यातून काढाव्यात. पातेल्यात पाणी भरून तुकड्या भिजत घालणं म्हणजे चव पाण्यात सोडून देणं. बुळबुळीतपणा घालवायला तांदळाचं पीठ किंवा जाड मीठ चोळावं.

मग तुकड्यांना मीठ आणि हळद लावून पंधरा मिनिटं चाळणीवर ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं. खाली साचलेलं पाणी फेकून द्या आणि तुकड्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. ही पंधरा मिनिटं पुष्कळ जण वाचवतात आणि मग तवा वाईट म्हणून नवा आणतात. ओली तुकडी तापल्या तव्यावर पडली की आधी तिचं पाणी उकळतं, तुकडी वाफवली जाते, खालचं मांस धातूला धरतं आणि उलटताना अर्धी तिथेच राहते.

वाटण साधं ठेवा. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून त्यात लिंबू किंवा चिंचेचा घट्ट कोळ घाला. लाल हवं असेल तर कोळी मसाला आणि थोडं कोकमाचं आगळ. ताज्या पापलेटला यातलं निम्मंही लागत नाही. लिंबाचं वाटण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका. आंबटाने मांस वरून पांढरं पडतं, आवळतं आणि तळल्यावर भुसभुशीत लागतं. अर्धा तास पुष्कळ झाला.

तळायला बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा घ्या. तो आधी कोरडा तापवा, मग तेल सोडा. तांदळाच्या पिठाची चिमूट टाकल्यावर लगेच चुरचुरली तर तेल तयार. तुकडी तांदळाच्या पिठात किंवा पीठ-रव्यात दाबून, जादा झटकून, तव्यावर ठेवा. आणि मग हात मागे घ्या. तीन-चार मिनिटं तिला हलवू नका. खालची बाजू कुरकुरीत झाली की तुकडी स्वतःच तवा सोडते. उलथनं सहज खाली सरकलं नाही तर अजून वेळ आहे. दुसऱ्या बाजूला त्याहून कमी वेळ लागतो.

एका वेळी तवा गच्च भरणं ही इथली नेहमीची चूक. तेल थंड होतं आणि पीठ तेल पिऊन बसतं. दोन घाण्यांत तळा. आच मध्यम असावी. मोठ्या आचेवर लसूण करपतो आणि आतलं मांस काट्याशी गुलाबी राहतं. काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा, मांस पांढरं होऊन पाकळ्यांनी सुटलं की झालं. माशाच्या मांसात मटणासारखे चिवट तंतू नसतात, त्यामुळे जास्त शिजवून ते मऊ होत नाही, उलट कोरडं पडतं.

बोंबलाचं तंत्र वेगळं. त्याच्या अंगात १०० ग्रॅमला ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असतं. म्हणून वर्सोव्याला, गोराईला किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील सुकवताना दिसतात. घरी तळायचे तर पोटाकडून चिरून, मधला काटा काढून, पुस्तकासारखे उघडा. मीठ लावून ताटात किंचित तिरपे पसरा, वर दुसरं ताट आणि त्यावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा. तासाभरात ताटाच्या कडेला भरपूर पाणी जमलेलं दिसेल. या दाबलेल्या बोंबलांना वाटण अगदी पातळसं लावून, रव्यात घोळवून तळा. दाबायला वेळ नसेल तर तळण्याचा हट्ट सोडून कालवण करावं, तिथे त्याचं पाणी उपयोगीच पडतं.

कालवण, कोळीवाड्याच्या साध्या वळणाचं: अर्धा किलो मासळीला दोन पळ्या तेल, आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण सोनेरी झाला की आच मंद करून दोन चमचे कोळी मसाला आणि अर्धा चमचा हळद. मसाला करपायला दहा सेकंद पुरतात, म्हणून पाण्याचा तांब्या आधीच हाताशी ठेवा. मग लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन वाट्या पाणी, मीठ. दाटपणासाठी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून घाला.

हा रस्सा पाच मिनिटं खळखळून उकळू द्या. मसाल्याचा कच्चेपणा मासळी घालण्याआधी जायला हवा, नंतर तो घालवत बसलात तर मासळीचा लगदा होतो. तुकड्या सोडल्यावर सुरमई-हलव्याला सहा-सात मिनिटं, बोंबलांना दोन-तीन. पळी घालून ढवळायचं नाही. पातेलं फडक्याने धरून गोल हलवायचं. चिंचेऐवजी आमसुलं घालायची तर गॅस बंद करण्याच्या जरा आधी, आणि उन्हाळ्यात कैरीच्या फोडी. नारळाचा रस घालत असाल तर त्यानंतर मोठी उकळी नको, रस फाटतो.

सगळ्यात सोपा प्रकार मात्र भुजणं. पाठारे प्रभूंच्या आणि उत्तर कोकणातल्या घरांतला हा पदार्थ उपनगरात फारसा होत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. पसरट भांड्यात बारीक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हळद, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ आणि सढळ हाताने तेल घ्या. सगळं कच्चंच, हाताने चुरडून एकजीव करा. त्यात पापलेटच्या तुकड्या घोळवून लावा, अर्धी वाटी पाणी बाजूने सोडा, झाकण घाला, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. फोडणी नाही, परतणं नाही. गडबड होते ती फक्त झाकण सारखं उघडून बघण्याने.

कोळंबी पाठीवरचा काळा दोरा काढून तीन-चार मिनिटंच परता. वळून लालसर झाली की पुरे, पुढे ती रबर होते. तिसऱ्या वाफवल्यावर ज्या शिंपल्या उघडत नाहीत त्या टाकून द्या. मांदेली अख्खी कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते, म्हणून तिला मंद आच आणि जास्त वेळ.

उरलेलं कालवण निवलं की लगेच फ्रिजमध्ये. ते दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगलं लागतं, पण लागेल तेवढंच काढून एकदाच गरम करावं. तळलेल्या तुकड्या पुन्हा तव्यावर टाकाव्यात, मायक्रोवेव्हमध्ये त्या मऊ पडतात आणि वास घरभर फिरतो.

आणि सोसायटीत राहत असाल तर कचऱ्याचंही बघायला हवं. खवले, कल्ले, आतडी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात बंद करा आणि सकाळी ओला कचरा नेणारे येईपर्यंत तो डबा फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीत वास सुटत नाही. विळी, ताट आणि सिंक आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने नाही: गरम पाण्याने माशाचा अंश शिजून भांड्याला चिकटतो. मग पिळून झालेली लिंबाची सालं चोळून, शेवटी साबण.