एफ्टेलिंगच्या रांगेबाहेर

आइंडहोवन (नेदरलँड्स) : या देशात सगळ्या शाळांना उन्हाळी सुट्टी एकाच दिवशी लागत नाही. उत्तर, मध्य आणि दक्षिण असे देशाचे तीन भाग पाडलेत आणि त्यांच्या सुट्ट्या मागेपुढे सुरू होतात. आधी कुणाची, नंतर कुणाची, हेही दरवर्षी बदलतं. सगळे एकदम घराबाहेर पडले तर रस्ते तुंबतील, म्हणून सरकारनेच लावून दिलेली ही पाळी. एवढी तजवीज करूनही जुलै-ऑगस्टमध्ये काट्सहोवेल नावाच्या गावात जी गर्दी लोटते, ती पाहिली की केजच्या माणसाला येरमाळ्याची यात्राच आठवते.

काट्सहोवेल हे दक्षिणेतल्या ब्राबांट प्रांतातलं गाव. एकेकाळी इथे घरोघर चामड्याचं काम चालायचं आणि जोडे बनायचे. आता गावाची ओळख एकच, एफ्टेलिंग. पाळणे, रोलर कोस्टर, आगगाडी, होड्या, सगळं एका जंगलात मांडलेलं. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे आणि एफ्टेलिंगला वर्षाकाठी येणारे लोक 50 लाखांहून जास्त. डच माणसाला विचारा, लहानपणी कुठे गेला होतास? उत्तर ठरलेलं असतं. आजोबा नातवाला इथे आणतो, कारण त्याच्या बापाने त्याला आणलेलं असतं.

आपल्या लोकांची इथे एक वेगळीच तऱ्हा असते. तिकीट महाग, तेही तारीख ठरवून आधी काढायचं. त्यामुळे आत पाऊल टाकलं की डोक्यात एकच विचार, पैसे वसूल झाले पाहिजेत. मोबाइलवर कुठल्या पाळण्याला किती मिनिटांची रांग आहे ते दिसतं. मग बाप पुढे, हातात फोन; मागे मुलं; सगळ्यात मागे देशावरून आलेले आजी-आजोबा, पायात नवे बूट घालून. 1981 चा ‘पायथन’ झाला, 2015 चा ‘बॅरन 1898’ झाला, आता ‘ड्रूमव्लुख्त’, म्हणजे पऱ्यांच्या राज्यातली सफर. तिथे रांग तासाभराची, सफर काही मिनिटांची. संध्याकाळी हिशेब निघतो की सात पाळणे झाले, दोन राहिले. ते दोन राहिले याचंच दुःख घेऊन मंडळी गाडीत बसतात. आमच्याकडच्या मराठी घरांत एफ्टेलिंगची चर्चा निघाली की ती अशीच आकड्यांत निघते.

मला मात्र वाटतं की या जागेतलं सगळ्यात चांगलं जे आहे, त्याला रांगच नाही.

ते समजायला थोडा इतिहास हवा. 1935 मध्ये इथे गावच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या पुढाकाराने खेळायला आणि फिरायला एक साधी बाग झाली. युद्ध संपल्यावर, 1950 मध्ये त्या जागेसाठी एक संस्था स्थापन झाली. गावचे महापौर फान डर हायडन यांनी त्यात लक्ष घातलं आणि आपल्या मेहुण्याला, पीटर रायनडर्स यांना, हाताशी धरलं. रायनडर्स यंत्रांत आणि फिल्ममध्ये रमणारे गृहस्थ. चित्रांसाठी त्यांनी आंतोन पीक (1895-1987) यांना गाठलं. पीक म्हणजे वाकडी घरं, कलती धुराडी, बर्फातल्या जुन्या गल्ल्या काढणारे चित्रकार. त्यांची अट अशी की पुठ्ठ्याचा नि लगद्याचा देखावा चालणार नाही, खरी वीट, खरा दगड, खरं लाकूड पाहिजे. 31 मे 1952 रोजी ‘परीकथांचं जंगल’ उघडलं, दहा गोष्टींचं. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड त्यानंतर तीन वर्षांनी, 1955 मध्ये आलं. पीक यांनी लावलेलं ते जंगल आजही जागेवर आहे, गोष्टी मात्र वाढत वाढत कितीतरी झाल्या आहेत.

या जंगलात बसायचं काही नाही, पट्टा बांधायचा नाही, उंची मोजायची नाही. नुसतं चालायचं. वाटेच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची लाल अळंबी आहेत, गुडघ्याएवढी. मोठी माणसं फोनकडे बघत त्यांच्यावरून निघून जातात. लहान मूल मात्र उकिडवं बसून कान लावतं, कारण अळंबीच्या पोटातून बारीक आवाजात बाखच्या नावाने प्रसिद्ध असलेली एक सुरावट वाजत असते. पुढे एक जोड लाल बुटांची आहे. आत पाय नाहीत, बूट आपले आपणच नाचतात. हे बूट 1953 पासून नाचतायत. जोड्यांच्या गावात ही गोष्ट इतकी जुनी असावी, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

अण्णा आणि आई गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. त्यांना घेऊन गेलो तेव्हा अण्णा रोलर कोस्टरकडे एकदा बघून म्हणाले, “तुमचं चालू द्या.” ते थांबले ते 1958 च्या उडत्या फकिरापाशी. दोन मनोरे आहेत. एकात फेटेवाला फकीर बसून बासरी वाजवतो आणि खालच्या वाफ्यातून ट्युलिपची फुलं वर येतात. मग तो गालिच्यावर बसून हवेतून सरकत दुसऱ्या मनोऱ्यात जातो. तिथे पुन्हा बासरी. हिंदुस्थान म्हणजे फकीर, गालिचा आणि सापवाली बासरी, एवढंच त्या काळच्या डच माणसाला ठाऊक असावं. आणि सापाच्या जागी त्याने आपलं ट्युलिप लावून दिलं. अण्णांनी तीन-चार वेळा ते बघितलं. मग म्हणाले, “बासरी वाजवून पीक येत असतं तर आपुन बोअर कशाला पाडले असते?”

हिंदुस्थानच्या नावाचं आणखी एक ठिकाण जवळच आहे, ‘भारतीय कमळं’. 1966 मध्ये झालं. गोष्ट लिहिली बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी, लग्नाआधी त्यांचं परीकथांचं पुस्तक निघालं होतं त्यातली. अंधाऱ्या गुहेत तळं, कमळं उमलतात, पऱ्या नाचतात, बेडूक वाद्यं वाजवतात. बेडकांची चाल जर्मन बँडवाल्या बेर्ट केम्पफर्टची, चेटकिणीचा आवाज पेरूच्या गायिकेचा. भारतीय म्हणावं असं नावापुरतंच. तरी आत गार असतं आणि पाच-सात मिनिटं कुणी हटकत नाही.

आईला आवडला तो खादाड हाइस. हा म्हणजे कचऱ्याचा डबा. पण डबा म्हणून मांडलेला नाही, गलेलठ्ठ माणूस, तोंड आ वासलेलं, आणि एकसारखा ओरडतो, “कागद इकडे! कागद इकडे!” तोंडापाशी कागद नेला की सूं करून हवेने ओढून घेतो आणि आभार मानतो. 1950 च्या दशकाच्या शेवटी पहिला हाइस बसवला, आता बागेत वेगवेगळ्या रूपांत त्याची भावंडं आहेत. आईने आधी बटाट्याच्या तळलेल्या कापांचा पुडा दिला. मग रुमालाचा कागद. मग पिशवीत हात घालून बसची तिकिटं काढली, परतीची होती ती मी वेळेवर ओढून घेतली. त्यानंतर नात आणि आजी दोघी खाली मान घालून कचरा शोधायला निघाल्या. शोधून सापडेना! एक पोरगं एका चिटोऱ्यावर आधीच पाय देऊन उभं होतं. “हिथं कचरासुदीक मिळंना,” आई म्हणाली. झाडूवाल्यांवरचा खर्च कमी करण्याचा हा मार्ग आपल्या नगरपंचायतींनी बघावा.

चैत्रात कळंबवरून येरमाळ्याला जाणाऱ्यांना रांगेबाहेरच्या गोष्टींबद्दलचं माझं म्हणणं लवकर पटेल. तिथल्या येडाई देवीच्या यात्रेला लाखो माणूस. दर्शनाची रांग कुठे सुरू होते ते कळत नाही. पण पालखी आमराईकडे निघाली की सगळी माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. त्याला नंबर लावावा लागत नाही, पावती नाही, म्हातारं-पोरगं सारखंच. घरी आल्यावर माणसं दर्शन किती वेळात झालं हे सांगतात, पण वाकलेल्या त्या घटकेबद्दल बोलताना आवाज वेगळा असतो.

एफ्टेलिंगने हे जुनं बारीकसारीक जपलं, याला व्यवहारी कारणही आहे. बागेची मालकी अजून 1950 च्या त्या संस्थेकडेच आहे. नफा वाटून घ्यायला बाहेरचे भागधारक नाहीत, पैसा बागेतच परत जातो. म्हणून ज्या अळंबीपासून एक पैसा मिळत नाही, तिची रंगरंगोटी होत राहते. अर्थात सगळंच टिकतं असं नाही. 1978 चा भूतबंगला 2022 मध्ये बंद करून पाडला, तेव्हा मोठमोठे बाप्ये हळहळले. त्या जागी 2024 मध्ये नवा, चकचकीत, फिरता देखावा आला. चांगला आहे. रांग लांब आहे.

केज, धारूर, अंबाजोगाईकडून लेकरांकडे येणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. एफ्टेलिंगला जाणार असाल तर शक्यतो शाळा चालू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी जा. दार उघडताच सगळे पाळण्यांकडे पळतात, तेव्हा तुम्ही जंगलात वळा. तो पहिला तास तिथे तुमचाच. पाळणे पोरांना करू द्या. आणि धपाटे, शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या. डच लोकही घरूनच पावाला चीज लावून आणतात, बाकावर बसून खातात, आणि खाणं आत न्यायला मनाई नाही.