‘स्ट्रिक्ट’च्या उलट ‘डिस्ट्रिक्ट’?

परभणीतून जिंतूर रोडनं किंवा वसमत रोडनं बाहेर पडलं की प्लॉटिंगचे फलक लागतात आणि त्यांवर ठळक ‘एनए’. इंग्रजीचा गंध नसलेला माणूसही जागा बघताना आधी हेच विचारतो, ‘एनए झालंय का?’ त्यातला एन म्हणजे नॉन, हे त्याला ठाऊक नसेल. पण जमीन बिगरशेती झाली, हा अर्थ पक्का कळतो. अडखळतं ते त्याचं शाळकरी पोरगं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी ‘अपोझिट वर्ड्स’ म्हटलं की अन, इन, डिस, नॉन यांचा गुंता काही सुटत नाही.

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे, अन लावला की काम भागलं. हॅपीचं अनहॅपी होतं, मग पॉसिबलचं अनपॉसिबल का नको? गंमत अशी, की हा शब्द इंग्रजीत खरोखर होता. १६११च्या किंग जेम्स बायबलात तो छापलेला आहे. पुढं लॅटिन वळणाच्या इम्पॉसिबलनं त्याला हुसकावलं. म्हणजे पोराची चूक वेडगळ नाही, फक्त चारशे वर्षं उशिरा झाली.

अन इंग्रजीच्या घरचा, इन लॅटिनमधून आलेला. अॅनिमियातला अॅन ग्रीक, आणि ‘अशक्य’तला अ, ‘अनावश्यक’मधला अन् संस्कृत. हे सगळे एकाच आद्य मुळाचे भाऊबंद आहेत.

इन, इम, इल, इर हे चार वेगळे उपसर्ग नव्हेत. मूळ एकच, इन. पुढं प, ब, म आला की ओठ मिटतात आणि न चा म होतो. ल आणि र त्याला आपल्यासारखं करून घेतात, म्हणून इल्लीगल, इर्रेग्युलर. ‘संत’ आणि ‘संप’ मोठ्यानं म्हणून पाहावं. टिंब तेच, पण एकात न् ऐकू येतो, दुसऱ्यात म्. बोलायला लागल्यापासून पोरगं हा नियम पाळतंच आहे.

उपसर्ग लागला म्हणजे अर्थ उलटाच झाला, असंही नाही. नॉन फक्त ‘त्या गटाबाहेरचं’ एवढंच सांगतो. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात रांग लावणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही. नॉन-टीचिंग म्हणजे साधं शिक्षकेतर. अनसायंटिफिक म्हटलं तर मात्र टीका होते. क्रियापदाला लागलेला अन तर केलेलं काम परत फिरवतो: १ जून २०२० पासून देशात ‘अनलॉक’ सुरू झालं, तेव्हा लावलेलं कुलूप काढलं जात होतं. आणि न्यायाधीश डिसइंटरेस्टेड, म्हणजे नि:स्वार्थी, असावा. अनइंटरेस्टेड असला तर तो सुनावणीत पेंगेल.

मग कुठं काय लावायचं, याचा नियम? पूर्ण नियम नाही, आणि मराठीतही तो कुठं आहे? फारसी-अरबीतून आलेले बे, ना, गैर आपण सर्रास वापरतो. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात तर ते कानाच्या सवयीचेच. बेजबाबदार, नालायक, गैरहजर. पण ‘गैरलायक’ किंवा ‘बेहजर’ कुणी म्हणत नाही, आणि हे कुणी शिकवलेलंही नसतं. शब्द जोडीनंच कानावर येतात. इंग्रजी शब्दही तसेच, जोडीनं, वाक्यात ऐकून शिकावेत. उपसर्गांची यादी घोकून फारसं काही हाती लागत नाही.

यादी घोकणाऱ्याला मग डिस आणि इन दिसेल तिथं नकारच दिसतो. डिस्ट्रिक्ट हा काही स्ट्रिक्टच्या उलट नव्हे. तिथला डिस ‘अलग’ अशा अर्थाचा आहे आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे मुळात सरंजामदाराचा अंमल चालायचा तो टापू. इम्पोर्टमधला इम म्हणजे ‘आत’. इन्व्हॅल्युएबलमध्ये नकार आहे खरा, पण त्याचा अर्थ कवडीमोल नव्हे, थेट आपला ‘अनमोल’: ज्याचं मोल करता येत नाही ते.

सगळ्यात धोक्याचा शब्द महामार्गावर इंधनाच्या टँकरमागं लिहिलेला असतो: इन्फ्लेमेबल. फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं? नाही. दोन्हींचा अर्थ एकच. हाच घोळ टाळायला अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२०च्या दशकात फ्लेमेबल हाच शब्द वापरायचा आग्रह धरला. आपल्याकडच्या टँकरांवर अजूनही जुना शब्द दिसतो. तेव्हा तो दिसला की बिडी-काडी खिशातच राहू द्यावी.