दाढ काढली की नजर जाते का?

दाढ दुखायला लागली की आपण म्हणतो, ‘दाताला कीड लागलीय.’ बंगळुरूत माझ्याकडे येणारी कन्नड माणसं ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात, आणि ‘हुळु’ म्हणजेही किडाच. दोन्ही भाषांनी दातात किडा बसवून ठेवलाय. लेकीकडे राहायला आलेल्या साताऱ्याकडच्या एका आजींची दाढ भरून झाली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘‘किडा निघाला ना डॉक्टर? दाखवा की मला.’’ त्यांच्या लहानपणी गावात भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडाला धुरी देत. खाली पाण्याची थाळी ठेवत आणि त्या पाण्यात पांढरे, बारीक, वळवळल्यासारखे किडे पडत. आजींनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आजी खोटं सांगत नव्हत्या. पाण्यात काहीतरी पांढरं पडत होतंच. ते होते तापून फुटलेल्या बियांमधले अंकुर. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देऊन शेकडो वर्षं असेच ‘किडे’ काढले जायचे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1890 मध्ये आपल्या ग्रंथात खरं कारण मांडलं. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते दात विरघळवतं. आपण ज्याला कीड म्हणतो तो आम्लाने पाडलेला खड्डा असतो.

इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलंय. दातांबद्दलचे बहुतेक गैरसमज असेच जन्मतात. माणसाने जे पाहिलं ते खरं असतं, त्याला जोडलेलं कारण तेवढं चुकतं. म्हणून ‘असं काही नसतं हो’ एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नको. त्याला काय दिसलं होतं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

साखरेचंच बघा. ‘मी गोड खातच नाही’ असं सांगणारी माणसं मला रोज भेटतात. मिठाई ती खरोखरच खात नाहीत. पण बंगळुरूत ऑफिसमधून खाली उतरून दर दोन तासांनी बाय-टू फिल्टर कॉफी होते. कप अर्धाच असतो आणि साखरही थोडीच. मात्र प्रत्येक गोड घोटानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्लाचा जोर राहतो आणि मग लाळ हळूहळू भरपाई करते. सहा वेळा अर्धा कप म्हणजे सहा वेळा अर्धा तास. जेवणाबरोबर एकदाच दोन गुलाबजाम खाणाऱ्याचे दात त्यापेक्षा बरे राहतात. साखर किती खाल्ली, यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, याला जास्त महत्त्व आहे.

‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात’ हे तर मी रोज ऐकतो. ज्यांच्या बाबतीत असं घडलंय, त्यांना दुसरं काही पटवणं सोपं नसतं. दातावरचा मऊ थर घासला गेला नाही, तर लाळेतल्या कॅल्शियममुळे काही दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. हेच कीटण. एकदा घट्ट झालेलं कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. ते हिरडीच्या खाली सरकतं, तिथे सूज धरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत झिजू लागतं. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि बहुधा दुखत नाही. खालच्या पुढच्या दातांमागे तर कीटणाची अखंड भिंत तयार होते आणि हाड गेलेले दात त्या भिंतीला टेकून उभे राहतात. यंत्राने ती भिंत काढली की दात हलताना जाणवतात. सुजलेली हिरडी उतरते, तेव्हा दातांमधली फट जिभेला लागते. थंड पाण्याने चार-आठ दिवस दात झिणझिणतात. पेशंट म्हणतो, ‘‘यायच्या आधी सगळं चांगलं होतं.’’ मी त्याच्या हातात आरसा देतो आणि ट्रेमधले काळपट, खडबडीत तुकडे बोटांनी चाचपून बघायला सांगतो. ‘‘हे दातच ना?’’ असं घाबरून विचारणारे बरेच निघतात. दात नव्हे, कीटणच असतं ते. साफसफाईचं यंत्र सेकंदाला हजारो बारीक कंपनं आणि पाण्याचा फवारा यांनी ते सोडवतं, घासून दात कमी करत नाही. दात हलतो तो गेलेल्या हाडामुळे, आणि साफसफाई केली नाही तर उरलेलं हाडही त्याच वाटेने जातं. मधुमेह असेल तर हा वेग वाढतो. उलट हिरड्यांची सूज असेपर्यंत साखरही नीट आटोक्यात येत नाही, म्हणून मधुमेह्यांनी दात दुखायची वाट न बघता हिरड्या तपासून घ्याव्यात.

मशेरीचंही असंच आहे. आमच्याकडच्या कितीतरी आज्या आणि मावश्या सांगतात, मशेरी लावायला लागले आणि हिरड्यांचं रक्त थांबलं. खरंच थांबतं. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसून टाकतं. म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवली जाते आणि आतली झीज चालूच राहते. त्यात तोंडाच्या कर्करोगाची भीती. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कायदा पोचत नाही. तिथे लेकी-सुनांनाच बोलावं लागतं.

आता मला सर्वात जास्त काळजी वाटते त्या गैरसमजाबद्दल. ‘दुखत होतं, गोळ्या घेतल्या, थांबलं. म्हणजे बरं झालं.’ दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. त्यात मज्जातंतू नसतात, म्हणून कीड वर आहे तोपर्यंत काहीच कळत नाही. ती आतल्या नसेपर्यंत पोचली की रात्री झोप उडवणारी कळ येते. दाताची पोकळी चारी बाजूंनी बंद असते, आत सूज वाढली तर दाब जायला वाट नसते. पेशंट मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या आणतो आणि चार दिवसांत कळ थांबते. ती थांबते कारण आतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नसतो आणि औषध रक्तावाटेच जातं, त्यामुळे गोळी तिथपर्यंत पोचतच नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी मुक्काम करतात. मग कधीतरी, बहुधा सणाच्या किंवा प्रवासाच्या दिवशी, गाल सुजतो. त्यावर बाहेरून गरम शेक देऊ नका, सूज पसरू शकते. आणि सूज जबड्याखाली गळ्यापर्यंत उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर उद्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. त्यात श्वासाची वाट बंद होऊ शकते.

रूट कॅनॉलला लोक भितात, पण सहन न होणारी कळ आधीच्या आठवड्यातली असते. भूल देऊन ती सडलेली नस काढणं आणि नळ्या साफ करून भरणं, हा त्या कळेवरचा इलाज. एक चूक मात्र फार जण करतात. दुखणं गेलं की कॅप बसवायला फिरकत नाहीत. खूप पोखरलेली दाढ चावताना उभी चिरते आणि मग काढण्यावाचून उपाय राहत नाही.

लोक टाळतात ते बऱ्याचदा पैशांमुळे, हे मी रोज बघतो. बंगळुरूत किल्ल्याच्या भागात, व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ, 1958 साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. ‘तिथे शिकाऊ पोरं प्रयोग करतात’ असं म्हणून माणसं जात नाहीत. तिथे विद्यार्थी काम करतात हे खरं, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, आणि खर्च खासगीच्या मानाने बराच कमी येतो.

दाढ काढली की नजर जाते, हे तर आपल्या घराघरात आहे. डोळ्यांची नस आणि वरच्या दातांची नस वेगळ्या, मेंदूतून निघण्याच्या त्यांच्या जागाही वेगळ्या. मग हे आलं कुठून? वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला की सूज डोळ्याखाली चढते आणि सकाळी डोळा उघडत नाही. ते सगळ्यांना दिसतं. आणि दाढा काढायची वेळ ज्या वयात येते, त्याच वयात चाळिशीही लागते. दोन गोष्टी एकदम आल्या, म्हणून एकीला दुसरीचं कारण केलं. गरोदरपणाचंही तसंच. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आम्लाने दात झिजतात आणि थकव्यापायी रात्रीचं घासणं राहतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात साधे दंतोपचार निर्धास्त करता येतात. बाळंतपण होईपर्यंत सडका दात तोंडात सांभाळायचं काही कारण नाही.

दात कसे दिसतात, या प्रश्नावर बंगळुरूची एक खास गोष्ट सांगायला हवी. कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूर या बाजूंची तरुण मुलं इथे नोकरीला येतात आणि पहिल्या पगारानंतर विचारतात, ‘‘दात इतके घासतो, तरी पिवळे-तपकिरी डाग का जात नाहीत?’’ त्यांनी लिंबू, खाण्याचा सोडा, कोळशाची पेस्ट सगळं करून झालेलं असतं. लिंबाने इनॅमल विरघळतं, कोळशाने खरवडतं, डाग तसाच राहतो. तो वरून लागलेला नसतोच. त्या भागातल्या ग्रॅनाइटच्या खडकात खोल गेलेल्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणी, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हिरडीच्या आत दात घडत असताना ते पोटात गेलं की इनॅमलच डागाळलेलं तयार होतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतही हेच आहे. या मुलांना कुणी अस्वच्छ म्हणू नये, एवढं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. डाग हलके करायला वरचा पातळ थर घासणं, ब्लीचिंग किंवा दाताच्या रंगाचं मटेरियल चढवणं, असे मार्ग आहेत.

शहरातल्या आयांनीही यातलं एक लक्षात ठेवावं. शंभरेक किलोमीटरवरून येणारं कावेरीचं पाणी सगळ्यांना मिळत नाही, शहराच्या कडेच्या सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. पाणी तपासून घेताना फ्लोराइडचा आकडा विचारा. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. उकळून फ्लोराइड जात नाही, आरओने बरंच निघतं. पण म्हणून फ्लोराइडची पेस्ट बंद करू नका. पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराइड आणि दातावर वरून लावलेलं फ्लोराइड, यांचं काम वेगळं आहे. वरून लावलेलं दात कणखर करतं. आपल्याकडच्या पेस्टमध्ये त्याचं प्रमाण 1000 पीपीएमच्या आत असतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती गिळत नाही ना याकडे लक्ष हवं.

बाकी पांढऱ्या दातांचं वेड फोटोंनी लावलंय. निरोगी दात मुळात किंचित पिवळसरच असतो, कारण अर्धपारदर्शक इनॅमलमधून आतला पिवळा थर दिसतो. साफसफाईने कॉफीचे आणि तंबाखूचे डाग जातात, मूळ रंग उजळत नाही. तो ब्लीचिंगने उजळतो, आणि काही महिन्यांनी थोडा पुन्हा उतरतोही. कॅप आणि दातात भरलेलं मटेरियल ब्लीच होत नाही, म्हणून आधी ब्लीचिंग करावं, दोनेक आठवडे रंग स्थिरावू द्यावा आणि मग नवीन कॅपचा रंग जुळवावा. लग्नाला पंधरा दिवस असताना येणाऱ्यांना मी हेच सांगतो. व्हेनिअर म्हणजे दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा. त्यासाठी चांगल्या दाताचं इनॅमल थोडं तासावं लागतं, ते पुन्हा येत नाही, आणि काही वर्षांनी व्हेनिअर बदलावंच लागतं. बावीस वर्षांच्या मुलीचे धडधाकट दात तासायला माझा हात धजत नाही. दात वेडेवाकडे असतील तर तारा किंवा अलाइनर लावावेत. हिरड्या चांगल्या असतील तर त्याला पन्नाशीतही हरकत नाही.

आणि ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’ पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर काढल्या तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. काल एका आईला मी आरसा आणि टॉर्च दिला. सात वर्षांच्या मुलाने आ केला. ‘‘खाली मधोमधून मोजा,’’ मी म्हटलं. तिने बोट फिरवलं, ‘‘एक, दोन, तीन, चार, पाच...’’ आणि ती सहाव्यावर थांबली. दाढ अजून पुरती वर आली नव्हती, पण तिच्या खाचांत काळसर रेघ दिसत होती. ‘‘ही पडणार नाही?’’ ‘‘नाही. ही त्याला म्हातारपणापर्यंत वापरायचीय.’’ ड्रिल न लावता खाचा साफ केल्या आणि सीलंट भरून निळ्या दिव्याखाली घट्ट केलं. पोराने जिभेने चाचपून बघितलं आणि विचारलं, ‘‘दुसऱ्या बाजूला पण आहे का?’’ होती. तीही भरली.