देखावे पाहायला निघताना आजी पाणी का पीत नाहीत?

गौरी-विसर्जन झाले की पुण्याच्या पेठा खऱ्या अर्थाने भरतात. घरचे पाहुणे गेलेले असतात, सुट्टीचा दिवस जवळ आलेला असतो आणि मुलांचा हट्ट सुरू होतो, 'आज देखावे बघायला जाऊ या.' मग आजी-आजोबांपासून कडेवरच्या नातवापर्यंत सगळे घर बाहेर पडते. याच चार-पाच दिवसांत आमच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दहानंतर एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात.

असाच एक प्रसंग सांगतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मुलगा आणि सून धरून घेऊन आले. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत उभ्या असताना त्यांना चक्कर आली आणि त्या खाली बसल्या. मुलगा घाबरला होता, 'हार्ट अटॅक तर नाही ना, डॉक्टर?' ईसीजी ठीक होता, साखर ठीक होती. पण जीभ कोरडी होती, नाडी जलद होती आणि आडवे असताना बरा असलेला रक्तदाब बसवल्यावर झपकन उतरत होता.

'आजी, शेवटचे पाणी कधी प्यालात?' मी विचारले. त्यांनी आधी सुनेकडे पाहिले, मग हळूच म्हणाल्या, 'दुपारी जेवताना घोटभर. बाहेर जायचं होतं ना. मग लागली तर जायचं कुठे, सांगा?'

सून चकित झाली. तिच्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती. तिने दोनदा विचारलेही होते. आजींनी दोन्ही वेळा 'नको गं, तहान नाही' म्हणून सांगितले होते. सलाइन दिल्यावर दोन-तीन तासांत आजी बऱ्या झाल्या आणि घरी गेल्या. प्रत्येक जण इतक्या सहज घरी जातो असे नाही. चक्कर येऊन पडल्याने खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने घराचे चित्र बदलते.

तहान खोटे बोलते

आजी पूर्ण खोटे बोलत नव्हत्या. वय वाढते तशी तहानेची जाणीवच मंदावते. तरुण माणसाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असते. वृद्धापकाळी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे साठा मुळात कमी. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकदही उतरलेली असते. भाद्रपदातल्या दमट हवेत आणि गर्दीच्या उबेत घाम जातच असतो. साठा कमी, खर्च जास्त आणि तहानेची घंटा वाजत नाही, अशी ही स्थिती.

त्यात रांगेत उभे राहणे आले. आपण उभे राहतो तेव्हा अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते पंपासारखे वर ढकलतात. एकाच जागी उभे राहिल्यावर हा पंप बंद पडतो. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून सावरते. वृद्ध शरीर, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, तितक्या चटकन सावरू शकत नाही. म्हणून दोन किलोमीटर चालणाऱ्या आजी अर्धा तास रांगेत उभ्या राहिल्या की कोसळतात.

चुकवलेली गोळी

पाणी टाळण्याइतकीच सर्रास दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे 'लघवीची गोळी' चुकवणे. हृदय कमजोर असलेल्या किंवा पायांवर सूज येणाऱ्या रुग्णांना फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड यांसारख्या गोळ्या दिलेल्या असतात. त्या घेतल्या की काही तास वारंवार लघवीला जावे लागते. बाहेर जायच्या दिवशी ती नकोशी वाटते. एक दिवस गौरीचा, एक दिवस देखाव्यांचा, एक दिवस लेकीकडच्या गणपतीचा, असे करत तीन-चार दिवस गोळी जातच नाही. सणाचे खारट-तळलेले खाणे सोबतीला असते. शरीरात पाणी साठत जाते आणि एका मध्यरात्री दम लागून माणूस उठून बसतो. अशा रुग्णाला ऑक्सिजन लावूनच दाखल करून घ्यावे लागते.

यावर उपाय सोपा आहे. या गोळ्यांचा जोर साधारण सहा ते आठ तास टिकतो. सकाळी आठ वाजता घेतली तर दुपारी चारपर्यंत तो बराचसा ओसरलेला असतो. गोळी न चुकवता वेळ कशी जुळवायची, हे आपल्या डॉक्टरांना सणाआधीच विचारून ठेवा. हे विचारायला रुग्ण लाजतात आणि घाईत आम्हीही सांगायचे विसरतो.

लाजण्याची आणखी एक जागा आहे. शिंकताना, खोकताना थोडी लघवी सुटणे किंवा लागल्यावर क्षणभरही थांबवता न येणे, हे बाळंतपणे झालेल्या आणि वय वाढलेल्या अनेक स्त्रियांना होते. पुरुषांत प्रोस्टेटचा त्रास असतो. 'वयाचं आहे' म्हणून हे लपवले जाते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि आवश्यक तेथे औषधे यांनी पुष्कळांना बराच आराम पडतो. तोवर बाहेर जाताना पॅड वापरण्यात कमीपणा कसला? चष्मा लावतो तसेच ते. पाणी तोडून आणि लघवी तासन्‌तास रोखून मात्र मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळते. वयस्कर माणसात त्याची खूण काही वेळा नुसती गुंगी किंवा असंबद्ध बोलणे एवढीच असते.

निघण्याआधी

निघायच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्यायला द्या आणि घर सोडताना लघवीला जाऊन यायला सांगा. मग दर अर्ध्या तासाने चार-पाच घोट पुरतात. निघता निघता चहा टाळलेला बरा; त्याने लघवीची घाई वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळा.

मधुमेहींनी जेवणाची वेळ सांभाळायला हवी. संध्याकाळची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि 'आणखी एकच देखावा' करत जेवण अकरावर गेले, तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. दरदरून घाम, हाताला कंप, अचानक चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला घाला. पेढ्यापेक्षा साधी साखर लवकर लागू पडते. खिशात तिची पुडी असू द्या. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी मांडवात अनवाणी फिरल्यास रात्री घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत.

मुलांच्या खिशात आईवडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि त्यांना ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ उभे करू नका. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज फार वेळ ऐकणे कानाला घातक असते आणि १०० डेसिबलला पाव तासही जास्त होतो. ओरडल्याशिवाय शेजारच्याशी बोलता येत नसेल, तर तेथून निघायची वेळ झाली.

चक्कर आलीच तर

गर्दीत चक्कर आलेल्या माणसाला लोक चांगल्या हेतूने दंडाला धरून उभेच ठेवतात आणि तोंडात पाणी ओततात. दोन्ही चूक. मेंदूला रक्त कमी पडले म्हणूनच तो कोसळत असतो. त्याला आडवे होऊ द्या, पाय थोडे उंच करा, भोवतीची माणसे दूर करा. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय तोंडात काही घालू नका. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दाब, दम किंवा जबड्या-दंडाकडे जाणारी कळ असेल, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करा. मधुमेहींत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत न दुखताही येतो. नुसता दम आणि घाम असला तरी 'ॲसिडिटी असेल' म्हणून वाट पाहू नका.

ज्येष्ठांच्या चालीने

याचा अर्थ आजींना घरी ठेवा असा मुळीच नाही. सगळ्यांबरोबर बाहेर पडणे, ओळखीचे भेटणे, नातवाला जुन्या देखाव्यांच्या गोष्टी सांगणे हेही त्यांच्या तब्येतीला हवेच आहे. फक्त बेत त्यांच्या चालीने आखा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम आणि तुळशीबाग हे मानाचे पहिले चार गणपती एकमेकांपासून फार लांब नाहीत. नारायण पेठेतला केसरीवाडा पाचवा. ज्येष्ठांबरोबर ही दर्शने सकाळी करावीत, तेव्हा रांगही कमी असते. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके थेट पेठांमध्ये आली. त्यामुळे वाहन लांब लावून चालत येण्याचा त्रास वाचतो. दिव्यांचे देखावे रात्रीच पाहायचे असतील, तर आपल्याच भागातले एक-दोन निवडावेत.

एक विनंती मंडळांनाही. महापालिका उत्सवात फिरती स्वच्छतागृहे ठेवते, पण ती कुठे आहेत हे रांगेतल्या माणसाला कळत नाही. मांडवाच्या फलकावर देणगीदारांच्या नावांसोबत जवळचे स्वच्छतागृह कोणत्या दिशेला आहे, हे ठळक लिहा. जवळची शाळा किंवा मंगल कार्यालय यांच्याशी बोलून त्यांची स्वच्छतागृहे संध्याकाळी स्त्रियांसाठी उघडी ठेवा. रांगेत दर थोड्या अंतरावर चार खुर्च्या ठेवा. आरोग्य शिबिराइतकाच याचाही उपयोग होईल.

त्या आजी जाताना सुनेने त्यांचा हात धरून विचारले, 'मला सांगितलं का नाही, आई?' आजी म्हणाल्या, 'तुमचा बेत कशाला मोडायचा?' घरोघरी असेच घडत असते. तेव्हा यंदा निघताना 'पाणी हवंय का?' असे विचारू नका. उत्तर 'नको'च येईल. 'आई, वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते मी पाहून ठेवलंय,' एवढे सांगा आणि मग पेला हातात द्या.