शिकण्याचे शास्त्र : लेखांक ६ – भीती, आपलेपणा आणि कुतूहल

शिकताना लक्ष कुठे द्यायचे, कष्ट कशासाठी घ्यायचे आणि अडल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा की नाद सोडायचा, हे बऱ्याच अंशी भावना ठरवतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शाळांचा परिसर मैलामैलाला बदलतो. पूर्वेकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी वाड्या आणि खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण. त्यामुळे भावनांचा शिक्षणावर होणारा परिणाम येथे जवळून पाहता येतो.

भीती

सत्तेचाळीस अधिक अडतीस ही बेरीज तोंडी करताना सात आणि आठ पंधरा, पाच मांडायचे आणि हातचा एक लक्षात ठेवायचा असतो. हा हातचा ज्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो, तिची जागा फार थोडी असते. मनात धास्ती असली की ती जागा धास्तीच व्यापते आणि हातचा निसटतो. बेरीज येत असूनही उत्तर चुकते.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या भागात ऊस वाढला आणि उसात बिबट्यांना लपायला व पिल्ले वाढवायला आडोसा मिळाला. ऊसतोड सुरू झाली की हा आडोसा कमी होत जातो आणि बिबटे उघड्यावर येतात. शाळेचे दुसरे सत्रही त्याच महिन्यांत असते. मळ्यातल्या वस्तीवरून पायी येणाऱ्या मुलाचे लक्ष शेवटच्या तासाला फळ्यावर नसेल, तर तो आळस नव्हे. त्याला घरची वाट दिसत असते. अशा वेळी मुलांनी गटाने ये-जा करणे आणि शाळा भरपूर उजेड असताना सुटणे, या गोष्टी अध्यापनाचाच भाग ठरतात.

आघातानंतरची भीती अधिक खोल असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीतून वाचलेल्या मुलांमध्ये दचकणे, झोप न लागणे, वाचलेले लक्षात न राहणे ही लक्षणे आढळतात. त्यांना ‘अभ्यासात कच्चे’ म्हणणे चूक असते. ठरलेल्या वेळी भरणारी शाळा आणि ओळखीचे शिक्षक यांचा अशा मुलांना मोठा आधार होतो.

मात्र सगळाच ताण घातक नसतो. यर्कीस आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सोपे काम जास्त ताणातही जमले. अवघड काम मात्र ताण एका मर्यादेपलीकडे वाढताच बिघडले. पाढे म्हणताना थोडा धाक चालून जातो, पण नवे गणित समजून घेताना तोच धाक आड येतो.

आपलेपणा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार आतून येणारी प्रेरणा तीन गरजांवर उभी असते : स्वतः निवड करता येणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपण इथले आहोत अशी खात्री असणे. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मुलांच्या बाबतीत तिसरी गरज निर्णायक ठरते. आश्रमशाळेत लहान वयात घर सुटते आणि पुस्तकातली भाषा घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते. बोलीला कोणी हसले की मूल बोलायचेच थांबते.

उलट, मुलाला आधीपासून जे ठाऊक आहे तिथून धडा सुरू करता येतो. या भागात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकला जातो. दहा किलो ओला हिरडा वाळल्यावर किती भरला, हे वर्गात वजन करून पाहिले तर शेकडेवारी समोर दिसते आणि वाळवण्याबद्दलचे मुलाचे ज्ञान वर्गाच्या उपयोगी पडते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात हीच दिशा धरली होती. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी वर्ग पाड्यावर नेला. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

कुतूहल आणि बक्षीस

लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचे आधीच कबूल केले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळाले, त्यांची आवड टिकली. म्हणजे आवडीच्या कामाला आधीच लालूच लावली, तर आवड ओसरू शकते.

कुतूहल जागवणारी जागा या भागातच आहे. खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती लोकांना पाहायला खुली होते आणि शाळकरी मुलांचे प्रकल्पही तेथे मांडले जातात. स्वतः निवडलेला प्रयोग अनोळखी माणसाला समजावून सांगताना निवड आणि जमण्याची खात्री या दोन्ही गरजा भागतात. प्रकल्प पालकांनी करून दिला असेल, तर मात्र दोन्ही हुकतात.

शिक्षकाची प्रेरणा

निवड, जमणे आणि आपलेपणा या तीनही गरजा शिक्षकालाही असतात. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळायच्या आणि वर सर्वेक्षणे, नोंदी, ऑनलाइन माहिती भरायची, यात शिकवण्याबाबतचे स्वतःचे निर्णय मागे पडतात. शिक्षकाची उमेद किंवा वैताग मुले शब्दांआधी चेहऱ्यावरून ओळखतात. म्हणून पाठाचा क्रम ठरवण्याची मोकळीक, शेजारच्या शाळांतील शिक्षकांशी नियमित चर्चा आणि कागदी कामाला कात्री, या व्यवस्था शिक्षकांच्या सोयीइतक्याच मुलांच्या शिकण्यासाठीही लागतात.