हात आखडले ते दिवस

कोदोन्यो हे इटलीच्या लोंबार्दी प्रांतातलं लहानसं गाव. 2020 च्या फेब्रुवारीत तिथे कोविडचा पहिला स्थानिक रुग्ण सापडला आणि गावाचं नाव जगभर झालं. त्या सुमारापासून मार्चअखेरपर्यंतच्या चाळीस दिवसांत लोदी, क्रेमोना, पाविया आणि मांतोवा या चार जिल्ह्यांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या 362 घटना नोंदल्या गेल्या. आदल्या वर्षी त्याच दिवसांत त्या 229 होत्या. वाढ 58 टक्क्यांची. वाढलेल्या 133 पैकी 103 जणांना कोविड होता किंवा तसा संशय होता, त्यामुळे रोगानेच माणसं नेली असं म्हणून पान उलटता येतं. पण त्याच नोंदीत आणखी एक आकडा आहे. रुग्णवाहिका यायच्या आधी जवळच्या कुणी छाती दाबायला सुरुवात केली, अशा घटनांचं प्रमाण 15 हून अधिक टक्केबिंदूंनी घसरलं होतं.

पॅरिसमध्ये चित्र याहून स्पष्ट होतं. टाळेबंदीच्या पहिल्या सहा आठवड्यांत शहर आणि उपनगरांत अशा घटना जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि वाढीतला जेमतेम तिसरा हिस्सा थेट कोविडचा होता. आसपासच्यांनी सीपीआर, म्हणजे छाती दाबून तातडीची मदत, देण्याचं प्रमाण सुमारे 64 टक्क्यांवरून 48 वर आलं. रुग्णालयात जिवंत पोहोचणारे 22.8 टक्के होते, ते 12.8 वर आले.

हे जरा चमत्कारिकच आहे. सगळे घरात कोंडलेले असताना कुणी कोसळलं तर बघायला माणूस हजर असणार, असं वाटतं. पॅरिसमध्ये त्या काळात दहातली नऊ माणसं घरीच कोसळली. पण घरात बहुतेकदा असतो तो म्हातारा जोडीदार, किंवा आधीच हातपाय गळालेली मुलगी. रस्त्यावर, स्थानकात, जिममध्ये ज्याला सीपीआर येतो असा एखादा अनोळखी माणूस धावून यायचा, तो आता त्याच्या घरात बंद. आणि भिंतीवर टांगलेली एईडी, म्हणजे शॉक देणारी पेटी, बंद कार्यालयाच्या कुलपाआड.

ही उणीव भरून काढायलाच तर स्वयंसेवकांची जाळी विणली गेली होती. स्टॉकहोममध्ये आपत्कालीन क्रमांकावर फोन आला की कोसळलेल्या माणसापासून पाचशे मीटरच्या आत असलेल्या प्रशिक्षित नागरिकांच्या मोबाइलवर निरोप जायचा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा निरोप गेला तिथे सीपीआरचं प्रमाण 62 टक्के होतं, न गेला तिथे 48. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, त्यामुळे जिना चढून वर येणारा शेजारी रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचणं याला मोल आहे. लोंबार्दीत तर रुग्णवाहिकेलाच नेहमीपेक्षा तीन मिनिटं जास्त लागत होती. आणि नेमक्या त्या वसंतात युरोपातल्या अनेक योजनांनी सामान्य स्वयंसेवकांना बोलावणं थांबवलं किंवा त्यावर बंधनं घातली.

थांबवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. डॉक्टरांनाच मास्क पुरत नव्हते, मग शेजाऱ्याला कुठून देणार? पण त्याच काळात सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीतल्या डॉक्टरांनी शांतपणे एक हिशेब मांडला. कोसळलेल्या शंभरांत फार तर दहा कोविडचे. त्या दहांपैकी एकाकडून मदत करणाऱ्याला संसर्ग होईल. संसर्ग झालेल्या शंभरांत एक दगावेल. म्हणजे दहा हजार वेळा सीपीआर दिला तर एक मदतनीस जाईल, आणि तीनशेहून अधिक माणसं वाचतील.

हा हिशेब सिअ‍ॅटलचा, हे खरं. लोदी-क्रेमोनाकडे कोविडचा वाटा चौथ्या हिश्श्याहून मोठा होता आणि साठी ओलांडलेल्या स्वयंसेवकाचा धोका सरासरीत मावत नाही. धोका तिप्पट धरा, पाचपट धरा. तरीही पारडं कुठे झुकतं ते दिसतं. शिवाय नवरा-बायको आठवडाभर एकाच खोलीतली हवा घेत होते; छातीवर हात ठेवल्याने त्यांचा धोका असा किती वाढणार होता? भीती खोटी नव्हती, तिचं माप चुकलं होतं.

उत्तरं तशी लगेच आली. एप्रिलपर्यंत तज्ज्ञ संस्था सांगू लागल्या: श्वास बघायला तोंडाजवळ कान नेऊ नका, रुग्णाच्या नाकातोंडावर कापड टाका, तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबा. लहान मुलांची गोष्ट निराळी, त्यांना श्वास लागतो. आपल्याकडे भूलतज्ज्ञांनी 2017 सालीच सामान्य माणसासाठी नुसत्या दाबांची पद्धत सुचवली होती. काखेत कळसा म्हणतात तो असा. साथ येण्याआधीच ती वस्तीवस्तीत शिकवलेली असती, तर 2020 मध्ये भीती वाटूनही हात थबकले नसते, असं मला वाटतं.

आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या वादातून अर्धा तास काढा आणि जवळच्या डॉक्टरांना बोलवा. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असं दिसलं तर 108 ला फोन. मग छातीच्या मधोमध तळहात, मोठ्या माणसाला निदान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब, मदत येईपर्यंत.