पाचक गोळी कोणाच्या कामाची?

जेवणानंतर एन्झाइमची गोळी घेणं ही आजकालची टूम नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी कोजी बुरशीपासून स्टार्च पचवणारं डायास्टेज मिळवलं आणि १८९४मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘टाका-डायास्टेज’ म्हणून अपचनावर विकलं. आपल्याकडच्या अनेक पाचक गोळ्यांतही बुरशीचं डायास्टेज असतं. जोडीला कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन.

खरी गरज असते ती स्वादुपिंडाचा जुनाट दाह किंवा सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या अनेक रुग्णांना. आतड्यात लायपेज पुरेसं पोहोचत नाही, म्हणून चरबी पचत नाही, शौच तेलकट होते, वजन घटतं. डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या कॅप्सूल त्यांना प्रत्येक जेवणासोबत घ्याव्या लागतात. जठरातल्या आम्लात लायपेज निकामी होतं, त्यामुळे आतल्या बारीक दाण्यांवर सहसा आम्लरोधक लेप असतो. उपाशीपोटी घेतली तर कॅप्सूल वायाच.

दुधाने पोट फुगणाऱ्यांना लॅक्टेजची गोळी उपयोगी पडते, पण ती दुधाबरोबरच घ्यायची. अशा अनेकांना दही मात्र सोसतं, कारण विरजणातले जिवाणू स्वतःचं लॅक्टेज घेऊन येतात. तेही गोळीपेक्षा कितीतरी स्वस्तात!

‘शरीरशुद्धी’च्या नावाने खपणाऱ्या महागड्या मिश्रणांना धडधाकट पोटात फारसं काम नसतं. एन्झाइम हीही प्रथिनंच. बरीचशी डाळीतल्या प्रथिनांसारखी पचून जातात. स्वादुपिंड कमी पडतंय का, हे शौचातलं इलास्टेज मोजून डॉक्टरांना तपासता येतं.